मुकादमाचं दुखणं

आमच्या धंद्यात एक नियम आहे. कापडावर कापड चढवायचं नाही. जुनं सगळं उतरवायचं, खुर्ची लाकडापर्यंत उघडी करायची, मग नवं घालायचं. हा नियम मला माझ्या बापानं कानाखाली वाजवून शिकवला आणि गेली तीस वर्षं मी तो पाळत आले. कुणी "वरच्यावर चढवा हो, पटकन होईल" म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुम्ही अंगातला मळका शर्ट तसाच ठेवून वर नवा घालता का, असं तोंडावर विचारते. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेनं निम्मं गिऱ्हाईक पळवलं. पळू दे.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यात आम्ही. नवरा मशीनवर शिवतो, मी ठोकते. माझ्या बापाच्याच हाताखाली आम्ही दोघं शिकलो, त्यामुळे लग्नानंतरही अहो-जाहो काही जमलं नाही. मूलबाळ नाही. तिसरा तो मुकादम.

मुकादम म्हणजे आमचा बोका. नारिंगी, छातीवर पांढरा, नऊ वर्षांचा. एका फाटक्या सोफ्याच्या पोटातून निघाला होता, मुठीएवढा. तेव्हापासून कापायच्या टेबलावर बसून आमच्या कामावर नजर ठेवायचा. दुकान बंद केल्याशिवाय जेवायचा नाही. काम वाकडं झालं की बरोब्बर त्याच जागी येऊन बसायचा, म्हणून हे नाव. मी माणसांवर खेकसते, त्याच्यावर कधी खेकसले नाही. तो माझा जीव होता, आता लपवून काय करायचं?

त्या सोमवारी एक माणूस खुर्ची घेऊन आला. गाडीवाला आणि तो, दोघांनी मिळून उतरवली. उंच पाठीची, रुंद हातांची, हिरव्या पट्ट्यांच्या कापडातली. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. कापड कुठे विरलेलं नव्हतं, डागही नव्हता.

"हिला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. वरून अजून एक कापड चढवा. आतलं काढू नका."

"का?"

"घरच्यांची तशी इच्छा आहे."

"घरच्यांना सांगा, इथे तसं करत नाहीत."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. खुर्चीकडे बघत होता. नवऱ्यानं मधे पडून "करतो, करतो" म्हटलं. शनिवारी नेतो म्हणून तो निघाला आणि दारातून वळून पुन्हा म्हणाला, "काढू नका."

मला कुणी दोनदा नको म्हटलं की झालंच! दुपारी नवरा सुतळी आणायला बाहेर पडला आणि मी पटाशी घेतली.

हिरव्याखाली तपकिरी कापड निघालं. म्हणजे हे पाप कुणीतरी आधीच करून ठेवलं होतं. तपकिरी कापडाला पाठीवर तीन चिरा होत्या. माणूस बसला तर छाती येईल तिथे, अंगठ्याएवढ्या, सरळ. मी चष्मा लावून पाहिल्या. बाहेरून पातं घातलं तर धागे आत वळतात. हे बाहेर वळले होते. स्प्रिंग निसटली असेल, असं म्हणून मी पाठ दाबून पाहिली. पाठीत स्प्रिंग नव्हतीच.

त्या संध्याकाळी मुकादम जेवला नाही. टेबलावरून उतरताना मागचे पाय दुमडून खाली बसला आणि तसाच बसून राहिला. मग पाणी ओकला. मी त्याला मांडीवर घेतलं, तर अंग गार आणि ताठ.

मंगळवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण हात हलका. त्यांनी ताप पाहिला, रक्त काढलं, एक्स-रे काढला.

"काकू, कशातच काही नाही. रिपोर्ट एकदम चांगले आहेत."

"मग हा असा का पडलाय? नाटक करतोय?"

"तसं नाही म्हणत मी. दोन दिवस लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हणे. रात्रभर मी त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजत होते. बुधवारी सकाळी हातांना स्वस्थता नव्हती. काळजी लागली की मला काहीतरी उचकटायला लागतं, तसं मी तपकिरी कापड उचकटलं. खाली निळी मखमल निघाली. तिला सात चिरा होत्या. वरच्या तीन तपकिरीवरच्याच जागी, बाकी चार पोटापर्यंत.

दुपारी मुकादमाच्या छातीवरचे पांढरे केस तीन जागी गळाले. खालची कातडी लाल, सरळ रेघा. संध्याकाळपर्यंत त्या रेघा उघडल्या आणि माझी साडी रक्तानं भिजली.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. हात धुताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काकू, हे पात्याचं काम आहे. तुमच्या शेजारी कुणाला मांजरांचा राग आहे का?"

होता ना! शेजारी पॉलिशवाला. त्याच्या ओल्या पॉलिशवर मुकादमाचे केस चिकटायचे आणि तो दर आठवड्याला भिंतीपलीकडून ओरडायचा, एक दिवस ह्या बोक्याला सोलतो की नाही बघ. मी उलट ओरडायचे. वर्षानुवर्षं चाललेलं भांडण, त्यात खरंखोटं कुणी पाहत नव्हतं. त्या दिवशी मी खरं मानलं. त्याच्या दाराला कुलूप होतं. ते बघून तर माझी खात्रीच पटली.

गुरुवारी सकाळी त्याचं शटर वाजलं आणि मी लाकडी मोगरी घेऊन बाहेर पडले. नवरा मागून "अगं, ऐक, आधी विचार तरी" म्हणत होता. पॉलिशवाला वाकून कुलूप काढत होता. मी काही विचारलं नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा त्यानं हात आडवा घातला त्या मनगटावर. वाळलेली फळी मोडते तसा आवाज आला. तो खाली बसला आणि मी तिसऱ्यांदा हात उचलला होता, तेव्हा नवऱ्यानं मला मागून धरलं.

"बाई, वेड लागलंय का?" पॉलिशवाला रडत होता. एवढा दांडगा माणूस, लहान मुलासारखा रडत होता. "मी सोमवारपासून सासूबाईंच्या आजारपणाला गेलेलो. आत्ता उतरतोय गाडीतून!"

त्याची बॅग त्याच्या पायाशी होती. गाडीचं तिकीट खिशातून डोकावत होतं.

नवरा त्याला दवाखान्यात घेऊन गेला. माझ्याकडे एक नजर टाकली त्यानं, बस. मी दुकानात आले. लाज वाटत होती आणि लाजेनं राग आणखी पेटत होता, आणि समोर ती खुर्ची. मी मखमलीचा काठ दोन्ही मुठींत धरला, पाय खुर्चीला लावला आणि एका हिसक्यात सगळी मखमल फाडून काढली. खिळे उडाले. एक माझ्या गालाला लागला. आतलं भरण वर आलं, घोड्याचे केस, काळे, चिकटलेले, गोळाच्या गोळा. मी दोन्ही हातांनी ते ओढून काढलं आणि दारातून रस्त्यावर भिरकावलं. शेवटी नुसता लाकडी सांगाडा उरला.

तेव्हा मागच्या खोलीतून मुकादम ओरडला.

मांजर असं ओरडत नाही. मी नऊ वर्षं त्याचा आवाज ऐकलाय. मी धावले. तो चादरीवर उताणा पडला होता. तीन जखमांचे टाके तुटले होते. चौथी जखम माझ्यासमोर उघडली. आधी केस हलले, मग कातडी आतून उचलली गेली, टोकदार, आणि फाटली. त्याच्या जवळ कुणी नव्हतं. पात्याचं नावनिशाण नव्हतं. मी तळहात दाबून धरला, तर तळहाताला आतून टोचलं.

पाचवी. सहावी.

नवरा परत आला तेव्हा मी दोन्ही हात रक्तात घालून बसले होते. त्यानं मुकादमाला पाहिलं. मग मधल्या दारातून खुर्चीकडे पाहिलं, जमिनीवरच्या मखमलीकडे पाहिलं. तो हळूहळू बोलणारा माणूस आहे.

"तपकिरी कापड तू कधी काढलंस?"

"काल सकाळी. त्याचा इथे काय संबंध?"

"त्याला किती चिरा होत्या?"

मी मुकादमाच्या छातीवरच्या तुटलेल्या टाक्यांकडे पाहिलं.

"ह्या मखमलीला किती आहेत?"

"सात," मी म्हटलं, आणि मुकादमाच्या पोटावर सातवी उघडली.

"परत लाव," नवरा म्हणाला.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तेव्हाही ठेवला नाही, आजही ठेवत नाही. पण माझ्या मांडीवर माझा मुकादम मरत होता आणि माझ्या हाताला येतं ते एकच काम आहे. मी उठले.

भरण उचलायला रस्त्यावर गेले. एक केससुद्धा नव्हता. कचऱ्याची गाडी येऊन गेली असेल. थांबून विचार करायला वेळ नव्हता. कोपऱ्यात काथ्याचं पोतं होतं, नवं, कालच आलेलं. मी मुठी भरभरून काथ्या कोंबला, पाठीत, बैठकीत, हातांत. मखमल वर घेतली. जुन्या खिळ्यांची भोकं लाकडात तशीच होती. प्रत्येक खिळा त्याच्याच भोकात जायला हवा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं.

नवरा मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्यासमोर बसला.

मी पहिला खिळा ठोकला. मुकादम किंचाळला.

दुसरा ठोकला. त्यानं नवऱ्याच्या हाताचा लचका तोडला. हाडापर्यंत.

माझा हात थांबला. "मी मारतेय त्याला," मी म्हटलं. "माझ्याच्यानं नाही होणार."

"पोट बघ," नवरा म्हणाला. त्याच्या बोटांवरून रक्त गळत होतं. "सातवी मिटतेय. ठोक."

ठोकत गेले. दर घावाला तो किंचाळत होता. दर घावाला एक काठ दुसऱ्या काठाकडे सरकत होता. मी रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते आठवत नाही.

"ठोक!"

मखमल बसली. चार जखमा मिटल्या.

तपकिरी कापड. वरच्या तीन जखमा मिटल्या.

हिरवं.

मग नवं, शनिवारसाठी आणलेलं करडं. कापडावर कापड, चार थर. बाप असता तर त्यानं माझे हात तोडले असते.

दुपारी चार वाजता शेवटचा खिळा गेला आणि मुकादम गप्प झाला. आम्हाला वाटलं, गेला. मग त्यानं डोकं उचललं, टॉवेलमधून बाहेर आला, टेबलावर चढला आणि आपल्या जागी बसला. मी बशीत दूध ओतलं. तो सगळं प्यायला. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. नवऱ्यानं जखमी हात पोटाशी धरला होता. तो हसत होता.

शुक्रवारी मी पॉलिशवाल्याच्या पाया पडून आले. त्यानं तक्रार केली नाही. बोलतही नाही.

शनिवारी तो माणूस आला. खुर्चीच्या पाठीवरून त्यानं तळहात फिरवला, वरून खाली, सावकाश, जसं एखाद्या जनावराला कुरवाळावं. मी तोंडात खिळे धरून दुसरंच काम करत होते, म्हणजे बोलायला लागू नये. त्यानं आणि गाडीवाल्यानं खुर्ची उचलली. उचलताना गाडीवाल्याचे गुडघे वाकले.

"जड झालीये," तो माणूस म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा समाधानानं उजळला होता.

सोमवारी आम्ही मुकादमाला तपासायला नेलं. तो छान खात होता, झोपत होता. कामाकडे मात्र बघत नव्हता. ज्या दिशेला तोंड करून ठेवलं त्या दिशेला बघत बसायचा. दुखण्यातून उठलाय, येईल हळूहळू, असं मी नवऱ्याला सांगत होते. नवरा त्याला हात लावत नव्हता. चावल्यामुळे असेल.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "कमाल आहे काकू, व्रणसुद्धा नाही!" त्यांनी छातीवर नळी लावली. जरा वेळ ऐकलं. जागा बदलली. पुन्हा जागा बदलली. "नळी बिघडलीये वाटतं," त्या म्हणाल्या आणि टेबलावर ठेवून दिली.

मग त्यांनी त्याला उलटा केला. "इथे काहीतरी अडकलंय. धागा आहे का?" मागच्या पायाच्या सांध्याशी कातडी बोटभर उसवली होती. रक्त नव्हतं. आतून काहीतरी तपकिरी, राठ, बाहेर आलं होतं. त्यांनी चिमट्यात धरून ओढलं. ते येत राहिलं. मुकादम समोर बघत होता. त्याची मिशीसुद्धा हलली नाही.

"काकू, हे काय आहे?"

मी त्यांच्या हातातून चिमटा काढून घेतला.

"ओढू नका," मी म्हटलं. "पाय पोकळ होईल."

मग अंगठ्यानं सगळा काथ्या नीट आत सारला, वरून दाबून सारखा केला आणि नवऱ्याकडे सुई मागितली.