मामीला घाबरणारा लॅपटॉप

विज्ञानाची प्रगती शांत डोक्याच्या, निःस्वार्थ माणसांमुळे होते. त्या सकाळी मामीच्या शिवणखोलीत अशी तीन माणसं हजर होती आणि एकमेकांचे केस ओढत होती.

"तूच बिघडवलास!"

"मी फक्त गेम खेळलो! आणि तोही हरलो!" टिल्लू किंचाळला.

टिल्लू सगळ्यांत धाकटा. त्याची मोठी बहीण स्वतःला सेनापती म्हणवून घ्यायची. सैन्यात दोघंच आहेत ही अडचण ती मानत नसे. दुसरा सैनिक त्यांचा मावसभाऊ, शंकासुर. "आज रविवार आहे" असं कुणी म्हटलं तरी तो "कशावरून?" असं विचारायचा. तिघंही सुट्टीत मामाकडे आली होती.

भांडणाचं कारण टेबलावर पडलं होतं. कालपासून एकच तऱ्हा. मामीने लॅपटॉपचं बटण दाबलं की दिवा लागायचा, आतला पंखा घुरघुरायचा, आणि ती हात टेकवून टाइप करायला बसते न बसते तोच पडदा काळाठिक्कर!

आणि त्या लॅपटॉपमध्ये मामीचा जीव अडकलेला. नाट्यमंडळाने तिला सैनिकांचे कोट शिवायला दिले होते. तिचं पहिलं मोठं काम! कापड बेतायचे सगळे नमुने तिने त्यातच काढून ठेवले होते.

दुरुस्तीवाले काका सकाळीच येऊन गेले. मामीने चालू करून दाखवला, पडदा काळा झाला, आणि काकांनी लॅपटॉपला बोटही न लावता मान हलवली.

"बोर्ड गेला. संध्याकाळी घेऊन जातो. आतलं सगळं पुसलं जाईल, बरं का!" त्यातलं 'बरं का' ते फार प्रेमाने म्हणाले.

मामाने दारातूनच निकाल दिला. "पोरांच्या हाती दिलं की दुसरं काय होणार?" आणि तो कामावर निघून गेला.

"जाऊ दे रे, मी पुन्हा काढीन नमुने," मामी म्हणाली आणि टिल्लूच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. टिल्लूने कापडाच्या ढिगात तोंड खुपसलं.

"ऊठ!" सेनापतीने हुकूम सोडला. "काका यायच्या आत हा चालू झाला पाहिजे."

"कशावरून होईल?"

"शंकासुरा, तू चार्जर काढ!"

चार्जर निघाला. सेनापतीने बटण बराच वेळ दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पंखा घुरघुरला. आणि पडदा लख्ख उजळला!

"मामी! झाला! झाला!"

मामी धावत आली, खुर्चीत बसली, हात टेकवले. पडदा काळा.

ती उठून गेल्यावर टिल्लूने चालू केला. उजेड! पुन्हा मामीला बोलावलं. अंधार!

"बाळांनो, मला कोट कापायचेत," मामी हळूच म्हणाली. "माझी चेष्टा नका ना करू."

ती निघून गेली.

"हा मामीला घाबरतो," टिल्लू म्हणाला.

"कशावरून?" असं म्हणायला शंकासुराने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "अरे, खरंच की! आपल्या हातात चालतो, तिच्या हातात नाही! मग तिच्याकडे असं काय आहे, जे आपल्याकडे नाही?"

"अक्कल," सेनापती म्हणाली. "आणखी काय?"

दुपारी मामी जरा आडवी झाली. तिचा चष्मा, गळ्यातली मोजपट्टी आणि मनगटावर बांधायची टाचण्यांची डबी टेबलावर होती. मामी टाचण्या दातांत धरायची. मामाला त्याची भयंकर धास्ती. म्हणून काल वाढदिवसाला त्याने ही डबी दिली होती, आणि मामीने ती लगेच डाव्या हाताला बांधली होती.

"टिल्लू, तू मामी हो!"

टिल्लूला सगळं चढवलं. चष्मा नाकावरून ओठावर आला. "काय रे पोरांनो, भूक लागली का?" असं मामीच्या आवाजात म्हणत त्याने लॅपटॉपवर हात टेकवले.

पडदा काळा!

"चष्मा काढ!" काळा. "मोजपट्टी!" काळा. "डबी!"

टिल्लूने डबी काढून ठेवली, एक बटण दाबलं, आणि पडदा उजळला! शंकासुराने डबी उलटी केली, तर एकही टाचणी खाली पडेना.

"डबीत चुंबक आहे!" तो ओरडला. "झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो ना? ते त्याला झाकणातल्या चुंबकावरून कळतं! मामीचं मनगट या डाव्या कोपऱ्यावर टेकलं की त्याला वाटतं, झाकण मिटलं!"

"कशावरून?" सेनापतीने विचारलं. फार दिवसांपासून तिला ते विचारायचं होतं.

संध्याकाळी काका मोठी पिशवी घेऊन आले. मामाही परतला होता.

"काका, न्या खुशाल," टिल्लू गोड आवाजात म्हणाला. "फक्त एकदा तुम्ही स्वतः चालू करा ना!"

काकांनी बटण दाबलं. नमुन्यांसकट सगळं समोर! टिल्लूने डबी डाव्या कोपऱ्यावर टेकवली. अंधार. उचलली, बटण दाबलं. उजेड!

"हं," काका म्हणाले. "मला सकाळीच शंका आली होती."

"कशावरून?" तिघं एकदम ओरडली.

काकांना दुसरीकडे जायचं होतं.

"म्हणजे माझ्याच भेटीने घात केला!" मामा डोकं खाजवत म्हणाला. "टिल्लू, चुकलो रे. तुम्ही तिघं आमच्यापेक्षा हुशार निघालात!"

मामीने तिघांनाही एकदम मिठीत घेतलं. त्यात सेनापतीला टाचणी टोचली, पण सेनापती ओरडत नसतात.

"डबी परत करू का?" मामाने विचारलं.

"खबरदार! उजव्या हाताला बांधीन."

त्याच नमुन्यांवरून सगळे कोट वेळेवर शिवून झाले. नाटकातल्या सैनिकांना ते घट्ट झाले, पण तो दोष काही लॅपटॉपचा नव्हता.