बाबांच्या कॉम्प्युटरचं कव्हर

तो आमच्या अभ्यासिकेत आला होता फक्त पेपर वाचायला. नेमकं तेव्हाच सगळ्या टेबलांना इंटरनेट वाटून देणारं राउटरचं डबडं बंद पडलं आणि परीक्षेचा सराव करणाऱ्या बारा मुलींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

त्याने पेपरची घडी घातली, टेबलाखाली वाकला. "हा कोणाचा?"

"बाबांचा जुना कॉम्प्युटर. भंगारात द्यायचाय."

"अहो, चांगला धडधाकट आहे. हाच राउटर होईल."

मला वाटलं, थापा मारतोय. पण दुपारी तो पिशवीतून जादा वायर जोडायचं एक कार्ड घेऊन आला, ते आत बसवलं. एका वायरीने बाहेरची लाइन आत घेतली, दुसरीने सगळ्या टेबलांना दिली. ना स्क्रीन, ना कीबोर्ड... नुसता घुमणारा पंखा. तासाभरात बाराही मुली कामाला लागल्या. मी मात्र त्याच्या धुळीने माखलेल्या हातांकडे बघत बसले होते. असा माणूस आवडायला वेळ लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी सगळं ठप्प. निरोप मिळताच तो धावत आला, खाली बघून हसायलाच लागला. बाबांच्या कॉम्प्युटरवर मी सवयीने आईने शिवलेलं कव्हर घातलं होतं. बिचारा आत उकडून बंद पडला होता.

"याला ऊब नको, हवा हवी."

"आमच्या घरात सगळ्यालाच कव्हर असतं. रिमोटलासुद्धा."

"तरीच तुमच्या मनातलं काही दिसत नाही," तो हळूच म्हणाला. माझे कान तापले.

त्यानंतर तीन आठवडे काहीही बिघडलं नाही. इतकं चोख काम करायची काय गरज होती? आता तो येणार तरी कशाला? खोटं का बोलू, एकदा कव्हर हातात घेतलंही होतं... पण मुलींची परीक्षा आठवली आणि ठेवून दिलं. शेवटी सरळ फोन केला.

"काय बंद पडलं?"

"काहीच नाही. छान चाललंय."

"मग?"

"मग... तरीही या ना. मला तुम्हाला भेटायचंय."



"मी रोज सकाळी घरूनच, नेटवरून तपासतो," तो म्हणाला, "तुमचा कॉम्प्युटर चालू आहे का ते."

"आणि?"

"रोज चालूच असतो हो. रोज हिरमोड होतो माझा."

अर्ध्या तासात तो दारात उभा होता. या वेळी पिशवी न घेता.