अप्पांच्या कानाला ताव

सुमनकाकू चंद्रावरच्या तळावर भाजीपाला पिकवायला गेली, ते २०५४ साल. तिला निरोप द्यायला पुण्याच्या तांबट आळीतल्या निजामपूरकरांच्या घरी सगळी आळी लोटली होती. त्या गर्दीत दहा वर्षांच्या शाल्मलीने आपल्या आजोबांना विचारलं, "अप्पा, काकू तिथून आपल्याला दिसेल का हो?"

अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग नेहमीप्रमाणे सुनेकडे वळले. "काय म्हणते गं ही?"

शाल्मलीच्या आईने तेच वाक्य पुन्हा सांगितलं. अप्पा म्हणाले, "नाही दिसायची," आणि गर्दीत निघून गेले.

शाल्मलीला हे कोडंच होतं. आईचं बोलणं अप्पांना कळतं, रस्त्यावरून टेम्पो गेला तर कळतो, बाबा खाकरले तरी कळतं. मग माझंच का नाही कळत? बोलायला लागल्यापासून तिच्या आणि अप्पांच्या मधे कोणी ना कोणी दुभाषा लागतच होता. तिला अप्पांशी सरळ बोलायचं होतं, मधे कुणी नको होतं. शेवटी आईच्या मागे लागून तिने अप्पांना कान तपासायला दवाखान्यात नेलं.

तिथल्या श्रवणतज्ज्ञ (ऐकण्याचे दोष तपासणाऱ्या) डॉक्टर नर्गिस मुजावर. त्यांनी अप्पांना काचेच्या खोलीत बसवून बारीक-जाड आवाज ऐकवले आणि एक श्रवणालेख (कोणता आवाज किती ऐकू येतो त्याचा नकाशा) काढला. त्यातली रेघ डावीकडे बरी होती, उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"आवाज म्हणजे हवेची थरथर," डॉक्टर शाल्मलीला म्हणाल्या. "हवा सेकंदाला कमी वेळा थरथरली की जाड आवाज, जास्त वेळा थरथरली की बारीक. कानात आत शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्यात हजारो केशपेशी (डोक्यावर केसासारखे तुरे असलेल्या पेशी) असतात. त्याच ही थरथर मेंदूकडे पोहोचवतात. तुझ्या अप्पांनी किती वर्षं तांबं ठोकलं?"

"पंचावन्न."

"रोज कानाशी हातोडा. त्यात पहिल्यांदा मेल्या त्या बारीक आवाजाच्या केशपेशी. टेम्पो जाड, म्हणून ऐकू येतो. तुझ्या आईचाही आवाज जरा जाडच. तुझा बारीक."

कोडं सुटलं, पण शाल्मलीचे डोळे भरून आले. म्हणजे अप्पा तिला टाळत नव्हते. ती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

मग यंत्र निवडायची वेळ आली. डॉक्टरांनी तबकात तीन तऱ्हेची श्रवणयंत्रं मांडली. अप्पांनी एकेक उचलून कानाशी धरलं आणि नखाने टिचकी मारली. तांबट घागर पारखतो तशी.

"बद्द वाजतंय," ते म्हणाले. "माल कच्चा आहे."

"अप्पा, ते वाजवायचं नसतं!" आई हसून बेजार झाली.

त्यांच्या मनात भरलं ते सगळ्यात छोटं, कानाच्या भोकात दडून बसणारं. "हे कुणाला दिसणार नाही." पण घट्टे पडलेल्या त्यांच्या जाड बोटांतून ते दोनदा निसटून खाली पडलं.

"चष्मा लावता तेव्हा लाजता का?" डॉक्टरांनी विचारलं, आणि कानामागे बसणारं, बोटांत धरता येईल असं यंत्र पुढे केलं. "शिवाय हे ताकदवान आहे. बारीक आवाजच तेवढे वाढवतं, जाड आहेत तसे ठेवतं. तीस दिवस वापरून बघा. नाही जमलं तर परत द्या, पुढच्या माणसाला देऊ."

यंत्राबरोबर, त्याची सवय लावायला, कपाएवढा एक यंत्रमानवही आला. त्याचं नाव टिटवी.

अप्पांनी मात्र तांबटासारखाच घोळ घातला. आळीची रीत अशी, की हातात घेतलेलं काम संध्याकाळच्या आत पुरं करायचं. ऐकायची सवय एका दिवसात लावून टाकू, म्हणून ते सकाळी यंत्र लावून थेट कारखान्यात गेले. तिथे चार जण घागरी मठारत, म्हणजे हातोडीने त्यांच्यावर ठिपके उठवत बसले होते. संध्याकाळी अप्पा डोकं धरून घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी यंत्र सुपारीच्या डब्यात गेलं.

"स्वतःचं चावणंसुद्धा पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं," ते म्हणाले. "महिना भरला की देऊन टाका परत."

"यंत्र बिघडलंय?" शाल्मलीने टिटवीला विचारलं.

"नाही. कान आवाज गोळा करतो, ऐकतो तो मेंदू. वीस वर्षं त्याच्याकडे बारीक आवाज आलेच नव्हते, आता एकदम सगळे आले. कोणता कामाचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे त्याला पुन्हा शिकायला हवं. आधी शांत खोलीत तासभर, एकाच माणसाशी. मग थोडं थोडं वाढवायचं. आणि ठोकाठोकीत तर यंत्र काढून कानात बुचं घालायची, नाहीतर उरलेल्या पेशीही जातील."

टिटवीने हेच अप्पांना मोठ्या, जाड आवाजात सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, "यंत्र यंत्राचीच बाजू घेणार."

शाल्मली विचार करत राहिली. रविवारी कारखाना बंद होता. तिथे नेऊन तिने अप्पांसमोरच तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि त्याची कड ठोकायला सुरुवात केली. ठोक, ठोक, ठोक. थांबेचना. अप्पा आधी कौतुकाने बघत होते. मग चुळबुळ करू लागले. अखेर कड टरकन तडकली.

"अगं ए शहाणे! ताव कोण देणार? तांबटाची नात ना तू?" अप्पा कडाडले. "ठोकलं की तांबं कडक होतं. थोडं ठोकायचं, विस्तवात लाल करून ताव द्यायचा, नरम झालं की पुन्हा थोडं. एका दमात ठोकलं तर फुटणारच!"

 शाल्मलीने तडकलेला पत्रा त्यांच्या कानाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने घराकडे, सुपारीच्या डब्याकडे बोट केलं.

अप्पांनी पत्र्याच्या चिरेवरून बोट फिरवलं. मग उठले आणि घरी जाऊन डबा उघडला.

त्या दिवसापासून आतल्या खोलीत रोज तासभर शाल्मली बोलायची आणि अप्पा ऐकायचे. पुढच्या आठवड्यात आई येऊन बसली. बाराव्या दिवशी कुकरच्या शिट्टीने अप्पा असे दचकले की चहा सांडला. टिटवीने यंत्राचा आवाज थोडा उतरवला. तिसऱ्या आठवड्यात मंडईपर्यंत मजल गेली. एका दुपारी फोडणीतली मोहरी तडतडली आणि अप्पा स्वयंपाकघराच्या दारात नुसते उभे राहिले.

चोविसाव्या दिवशी शाल्मली अप्पांनी नुकत्याच घडवलेल्या घागरीकडे बघून म्हणाली, "ही तिरकी बसलीय."

"तिरकी? तुझ्या डोळ्यांत तिरकी!"

"बुड एका बाजूला आहे, अप्पा."

"पंचावन्न वर्षं बुडं बसवतोय मी!"

दोघांचं कडकडून भांडण जुंपलं. आरडाओरडा ऐकून आई मधे पडायला धावली, पण तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. ती दारात थांबली, डोळ्यांना पदर लावला आणि परत गेली.

तिसाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "मग, ठेवायचं की परत द्यायचं?"

"ठेवायचं," अप्पा म्हणाले. "पोरगी फार उलट बोलते. उत्तर द्यायला लागतं."

निघताना टिटवीने शाल्मलीला एक गोष्ट सांगितली. पक्ष्यांच्या कानातल्या केशपेशी मेल्या तर नव्या उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. का, ते शोधायचं काम चालू आहे. शाल्मली मोठी होऊन त्याच कामाला लागली. तिच्या प्रयोगशाळेत आज काचेच्या बशीत कोवळ्या केशपेशी जपल्या जात आहेत. अजून त्यांना ऐकू येत नाही. येईल.

अप्पा, म्हणजे भालचंद्र निजामपूरकर, २०६३ सालच्या मार्गशीर्षात, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, राहत्या घरी वारले.