चाळीस सकाळींचा गुलमोहर

"सोहेब, कॅमेरा हलला तर तुला खालीच ढकलीन बघ!" घराच्या धाब्यावर उभी अफरीन ओरडली.

"अगं ताई, हललाच नाही!"

त्यांच्या मैत्रिणीनं, सुरेखानं वहीत लिहिलं : फोटो एकोणचाळीस, सकाळचे सात.

ती २००५ सालची मे महिन्याची सुट्टी होती. शिरूरला फोटो स्टुडिओ असलेल्या इरशादमामूनं न्हावरे गावच्या या भाचरांना कॅमेरा दिला होता. पाण्याच्या टाकीपुढच्या निष्पर्ण गुलमोहराचा रोज त्याच जागेवरून एक फोटो काढायचा, मग मामू कॉम्प्युटरवर त्यांचा सिनेमा करणार! झाड डोळ्यांदेखत फुलणार!

तेवढ्यात खाली भांडण पेटलं. टाकीचा व्हॉल्व्ह सोडणारे भिमाजी आप्पा सुरेखाच्या आजीच्या, सोजरबाईच्या दारात गरजत होते.

"टाकी भरूनबी गावाला पाणी पुरंना! आन् तुमची वांगी मातूर हिरवीगार! उद्या सांच्याला नळच तोडतो!"

"धुण्याचं पाणी घालते रं भिमाजी," आजी म्हणाली. पण ऐकतो कोण?

सुरेखाचे डोळे भरून आले. "आजी चोरी करायची न्हाई गं."

"मग पाणी जातंय कुठं?" अफरीन म्हणाली. तिघांनी दिवसभर वांग्यांवर पहारा केला. आजीनं खरंच धुण्याची एकच बादली ओतली. पण मुलांचं ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी चाळिसावा फोटो काढून तिघं एसटीनं शिरूरला गेली. मामूनं अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ओळीनं लावले आणि बटण दाबलं. दहा सेकंदांत सुक्या फांद्यांवर लाल भडका उडाला!

"परत! परत!" सोहेब नाचू लागला.

तिसऱ्या खेपेला अफरीन किंचाळली, "मामू, थांबवा! फुलं सोडा, खाली बघा!"

टाकीपासून ओढ्याकडं, करपलेल्या मातीतून हिरवी रेघ सरपटत निघाली होती. रोज इंचभर वाढणारं ते गवत कुणाच्याच नजरेत भरलं नव्हतं!

"ऐन उन्हाळ्यात गवत?" मामू पुटपुटला.

"आन् आमचं घर तर दुसऱ्याच बाजूला हाय!" सुरेखा ओरडली.

मामूनं कॉम्प्युटर जीपमध्ये घातला. गाव गाठलं, तर भिमाजी आप्पा पाना घेऊन नळापाशी बसलेले!

"आप्पा, थांबा! आमच्या सिनेमात दिसलंय, आधी गवताखाली खणा!" अफरीन ओरडली.

"सिनेमा बघून खड्डं खणू व्हय गं पोरी?"

"नको खणू. मी खणते," म्हणत सोजरबाईनंच कुदळ उचलली.

पाचव्या घावाला चिखल लागला. सातव्याला पाण्याची चिळकांडी थेट आप्पांच्या तोंडावर! जमिनीतला पाइप जोडावर फुटला होता.

आप्पांनी भिजलेली टोपी काढली. "चुकलं माझं, सोजरबाई. जे मला रोज येता-जाता दिसलं न्हाई, ते या पोरांनी हेरलं. शाब्बास रं!"

रात्री शाळेच्या ओट्यावर सगळं गाव तो दहा सेकंदांचा सिनेमा बघायला लोटलं. विसाव्यांदा लागला तेव्हा सोजरबाई एकदम पुढं झाली.

"अगं, ही मीच की! थांबीव जरा!"

अफरीननं चित्र थांबवलं. गुलमोहराखालून डोक्यावर हंडा घेतलेली सोजरबाई चालली होती. आजवर कुणी तिचा फोटो काढलाच नव्हता. पडद्यावर बोट टेकवून ती किती तरी वेळ बघत राहिली. मागं एवढी गर्दी होती, पण "पुढं सरकव" असं कुणीच म्हणालं नाही.