दोन किल्ल्यांचं दुकान

बसा जवळ. दार लोटून घ्या, वारा येतोय.

हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत झालं. त्यांचं बुटांचं दुकान. दोघं भाऊ, थोरला आणि धाकटा. माझा दोस्त म्हणजे थोरला. बाप मोठा कारागीर. म्हणायचा, "राजा असो की हमाल, आपल्यापुढे आला की आधी पाय पुढे करतो."

त्या बूट शिवणाऱ्या लोकांत एक रीत आहे. कारागीर गेला की वर्षभर त्याच्या बैठकीवर कोणी बसायचं नाही, आणि पोरांनी दुकान वाटायचं नाही. वाटलं, तर म्हातारा उठून कामाला बसतो म्हणतात.

बाप गेला, आणि यांनी वर्ष भरायच्या आतच मधे भिंत घालायचं ठरवलं. सोमवारी गवंडी येणार होता.

कारण संशय. सकाळी दुकान उघडावं, तर बापाच्या बैठकीपाशी चामड्याच्या ताज्या कातरणी, मेण लावलेल्या दोऱ्याचे तुकडे. किल्ल्या दोनच. थोरल्याला वाटे, धाकटा रात्री चोरून बाहेरची कामं करतो. चामडं दोघांचं, कमाई एकट्याची.

"उंदीर असतील, आजोबा."

"असतील की. पण उंदीर दोऱ्याला मेण लावतो का रे?"

तर, मागच्या हिवाळ्यातली शनिवारची रात्र. अमावास्या. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "मोबाइलचा चार्जर दुकानातच राहिला वाटतं, तेवढा आणा." थोरला निघाला. रस्त्यावरचे दिवे गेलेले. दुकानापाशी आला नि थबकला.

आत हातोडा वाजत होता.

टक... टक... मधेच थांबायचा. मग दोरा ओढल्याचा आवाज.

सापडला चोर, असं म्हणून त्यानं कडीला हात घातला. कुलूप बाहेरून लावलेलं.

मागून खांद्यावर हात पडला.

धाकटा होता.

"दादा... तू बाहेर?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तू आत आहेस. रोजच वाटायचं."

दोघांनी आपापली किल्ली पुढे धरली.

आत... टक.

मग थांबलं. कोणीतरी उठलं. पावलं दारापर्यंत आली.

...

दार हललं नाही. हे दोघंही हलले नाहीत. उजाडेस्तोवर तिथंच. एकमेकांचं मनगट धरून, लहानपणी धरायचे तसं.

सकाळी कुलूप काढलं. आत कोणी नाही. बैठकीवरची धूळ जशीच्या तशी, बसल्याची खूण नाही. पुढ्यात मात्र नव्या बुटांचा एक जोड.

भिंत झाली नाही. गवंड्याला दारातूनच परत पाठवलं. का, ते थोरला सांगत नाही. विचारलं की नुसता तो जोड पुढे ठेवतो. मी पाहिलाय. शिवण एकाच हाताची, टाक्याला टाका लागून.

त्या सकाळी थोरल्यानं आधी डावा पायात घातला. अंगचा असावा तसा बसला. उजवा मात्र काही केल्या चढेना.

मग तो धाकट्यानं घालून पाहिला...