गुहेच्या तोंडाशी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा ती आत एकटीच होती, आणि तिला भीतीच्या आधी हसू आलं. वरच्या मजल्यावर गुहेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांचा वर्ग सुरू होणार होता आणि ती तिकडेच निघाली होती. हसू फार टिकलं नाही. दिवा गेला आणि ती दार बडवायला लागली.

"कोण आहे आत?" बाहेरून एका पुरुषाचा आवाज आला.

"मी," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"बरं. घाबरू नका, लिफ्टवाल्याला बोलावलंय. गुहेच्या वर्गाला निघालात का?"

"हो..."

"मग तुमचा पहिला धडा झालासुद्धा. मी जिन्याने आलो, म्हणजे मागेच पडलो."

लिफ्टवाला येईपर्यंत तो दाराला टेकून बोलत राहिला. बेकरीत पाव भाजतो, लोक झोपेत कूस बदलतात तेव्हा त्याचा दिवस सुरू होतो, असं काहीबाही. दार उघडलं तेव्हा समोर एक उंच तरुण उभा होता. कानामागे पीठ राहिलेलं, आणि चेहरा आवाजापेक्षा कितीतरी लाजरा.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. गुहेचं खूळ तिच्या डोक्यात भरवलं होतं दुकानात आलेल्या एका निवृत्त भूगोलाच्या शिक्षिकेने. 'मला अंधारात सगळं दिसतं गं, वर्तमानपत्र तेवढं दिसत नाही,' असं म्हणत त्यांनी डोंगराच्या पोटातल्या दालनाचं असं वर्णन केलं, की ही नंबर लिहायचाच विसरली. वर्ग त्यांचाच होता. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की शौर्य घरी ठेवून यायचं. सुती कपडे चालणार नाहीत, भिजले की अंग गार पडतं. हेल्मेटवर एक दिवा आणि पिशवीत आणखी दोन. आकाश भरून आलं असेल तर गुहेचं नाव काढायचं नाही. आणि कुणाही एकाला परत फिरावंसं वाटलं तर सगळ्यांनी फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही.

मग बाकं एकमेकांना चिकटवून त्यांच्याखालून सरपटण्याचा सराव सुरू झाला. बेकरीवाल्याचे खांदे नेमके मधल्या बाकाखाली अडकले. ती पलीकडून जमिनीवर पालथी पडली, अगदी त्याच्या तोंडासमोर.

"श्वास सोडा," ती म्हणाली. "आधी सोडा, मग सरका. आणि इकडेतिकडे नको, समोर बघा."

"बघतोच आहे," तो म्हणाला.

ती इतक्या घाईने उठली, की डोकं बाकावर आपटलं. हेल्मेट कशासाठी असतं ते तिला त्या दिवशी कळलं.

आठवडे असेच गेले. वर्ग सुटला की दोघं बसथांब्यापर्यंत चालत जायचे, आणि बस आली तरी... कधी कधी ती तिला दिसायचीच नाही.

गुहेला जायच्या आदल्या दिवशी दुकानात वरच्या फळीवरचा खोका काढताना ती स्टुलावरून घसरली. पाय मुरगळला. तिने घोट्याला पट्टी आवळली, वर बूट चढवला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. एवढी तयारी केली आणि ऐनवेळी मागे राहायचं? आणि खरं तर एकट्या गुहेसाठी ती जात नव्हती, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

गुहेच्या तोंडाशी उतरताना मात्र तिचा तोल गेला. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, पाय दुखतोय का? ती नाही म्हणाली. त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"बाई, यांचा पाय दुखावलाय."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ती फणकारली. "माझ्याशी आता बोलू नका."

त्याने मान खाली घातली. बाईंनी घोटा दाबून पाहिला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालेलं बघून निकाल दिला – आत जायचं नाही. बाहेर थांबायचं. इथे फोन लागतो हे बाईंनी आधीच येऊन पाहिलं होतं. ठरलेल्या वेळेला आम्ही दिसलो नाही तर आत यायचं नाही, हाका मारत बसायचं नाही, सरळ बचाव पथकाला फोन करायचा, असं बजावून त्या सगळ्यांना घेऊन आत गेल्या.

दुपारभर ती रागातच बसून होती. मग उन्हं कलली, सावली दगडांवरून तिच्या बुटापर्यंत आली आणि रागाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. गुहेच्या तोंडातून नुसता गार वारा येत होता. वेळ झाली. आणखी थोडं थांबावं, उगाच हसं होईल, असं मनात आलं खरं... पण तिने फोन लावला. आवाज कापू न देता जागा सांगितली, माणसं सांगितली. फोन ठेवला आणि मगच रडली. आपण त्याला शेवटचं काय बोललो ते तिला आठवत होतं.

अंधारात आधी एक दिवा हलला. मग दुसरा. बाई आल्या, मागोमाग वर्गातले बँकेतले काका लंगडत आले. त्यांचा गुडघा दगडावर आपटला होता, त्यामुळे सगळ्यांना त्यांच्या चालीने यावं लागलं होतं. काकांना मागून सावरत, डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखलेला बेकरीवाला शेवटी बाहेर पडला.

"किती उशीर केलास रे," ती म्हणाली.

इतके आठवडे अहो-जाहो चाललं होतं. दोघांनाही तो 'रे' एकदमच ऐकू आला. बाई उगाचच आपल्या पिशवीचा बंद सोडवायला लागल्या.

थोड्याच वेळात पथकाची जीप आली. तिने ओशाळून माफी मागितली, म्हणाली उगाच धावपळ करायला लावली. पथकाचा प्रमुख हसला. रिकाम्या हातांनी परत जायला आम्हाला फार आवडतं, असं म्हणून त्याने काकांचा गुडघा बांधला.

बेकरीवाला तिच्या शेजारच्या दगडावर येऊन बसला.

"आत काका घाबरले होते," तो म्हणाला. "बाहेर कुणाला कळेल का, विचारत होते. मी म्हटलं, ती आहे. रागावलीय, पण वेळ चुकवणार नाही." मग नखातला चिखल काढत म्हणाला, "तू आत आली असतीस तर... मला तुझ्या पायाशिवाय काही दिसलंच नसतं. म्हणून बोललो."

तिला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. पण इतक्यात कबूल करायची तिची तयारी नव्हती.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"कधी जाईल?"

"पाय बरा झाला की."

"मग रोज येऊन विचारावं लागेल."

तो खरंच रोज येऊ लागला, भट्टीतून नुकताच निघालेला पाव घेऊन. तिच्या आईने पहिले काही दिवस कौतुकाने पाव ठेवून घेतला. मग एका संध्याकाळी, लेक धावत जिना उतरून दार उघडायला गेली तेव्हा, तिने मागून विचारलं, "पाय बरा झाल्याचं त्याला सांगितलंस की नाही?"

"सांगते गं," ती म्हणाली, आणि दार उघडलं.