ठकीचा वाफा

ठकीच्या रक्तात दुसऱ्यांदा शिसं सापडलं, तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाच्या हातचं पाणीही विश्वासानं पीत नव्हतं.

"माझ्या नातीला कुणीतरी विष घालतंय," आजोबा म्हणाले. "शोधा बाई, नाहीतर पोर हातची जाईल."

शोधक बाईंना लोक घारबाई म्हणत. त्यांनी आधी अंगण पाहिलं. गुडघाभर गवत माजलेलं. मधोमध इवल्याशा पांढऱ्या फुलांचा एक स्वच्छ वाफा, कडेला ठकीची भातुकली.

"वाफा खुरपतं कोण?"

"कोण खुरपणार? माझे गुडघे गेलेत, आणि लेकीला खाणीवरच्या भांडणातून उसंत नाही."

विष सोडून बाई बागकाम काय विचारतात, असं त्यांचे सोबती मास्तर मनात म्हणाले. विहीर, भांडी, भिंतींचा रंग, सगळं तपासून झालं होतं. मास्तरांचा संशय इंजिनिअरवर होता. शिशाच्या बंद खाणीचा ढिगारा गाडायचं काम त्याचं, आणि त्याला आडवी आली होती आजोबांची लेक, ठकीची आत्या.

"भांडण आत्याशी आहे, पोरीशी नाही!" इंजिनिअर उसळला. "पावसात ढिगाऱ्यातलं शिसं ओढ्यात उतरतं. मासे गेले, उद्या माणसं जातील. त्यात कुणीतरी पाट्या भरभरून तिथली माती चोरतंय."

आत्याही तेवढीच तापलेली. "गाडा म्हणावं! मग तिथलं फूल संपलंच, ते दुसरीकडे जगत नाही. चांगल्या मातीत गवत त्याचा गळा दाबतं. ढिगाऱ्यावर गवताला थारा नाही, म्हणून ते तगलंय."

संध्याकाळी घारबाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"मास्तर, न खुरपलेल्या वाफ्यात तण का नाही?"

मास्तर वाफ्यावर वाकून पाहू लागले.

"कारण माती इथली नाही. चोरीला गेलेली माती ही, आणि फूलही तेच. ठकी याच मातीचा स्वयंपाक करते, आणि लहान मूल आपला स्वयंपाक चाखून बघतंच."

आजोबा लेकीकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"आणली तेव्हा नाही, बाबा. पहिल्या तपासणीनंतर शंका आली." आत्यानं वाफ्याकडे पाहिलं. "पण उकरलं असतं तर फूल मेलं असतं. मी तिला हात धुवायला सांगत होते..."

इंजिनिअर हळूच म्हणाला, "ढिगाऱ्याचा वरचा कोपरा उघडा ठेवता येईल. पाणी अडवून, कुंपण घालून. आधी बोलला असतात तर..."

आत्यानं कुदळ उचलली.

खिडकीतून बारीक आवाज आला, "आत्या, माझी चूल मोडू नकोस हं!"

तिची मान वर झालीच नाही.